कट्ट्यावर खरं आवडलेलं पुस्तक नेऊ, की दाखवायचं नेऊ?

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिकच्या इंदिरानगरमधून एका मैत्रिणीने लिहिलंय. वय ४१, एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते, नवरा अंबडला एमआयडीसीत शिफ्टमध्ये, मुलगी नववीत. २०२१ मध्ये आई कोविडमध्ये गेली, त्यानंतर रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर इंग्रजी पुस्तकं वाचायला लागली. आधी कोझी मिस्ट्री म्हणजे रक्तपात न दाखवणाऱ्या, छोट्या गावातल्या रहस्यकथा, मग रोमान्स, मग वायए म्हणजे टीनएजर मुलामुलींच्या कादंबऱ्या. आता वर्षाला ५०-६० होतात. सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनकट्टा भरतो, आठ-दहा जण, एक रिटायर्ड प्राध्यापकही असतात. तिथे ती स्वतःच्या वाचनाबद्दल कधीच खरं बोललेली नाही, एकदा तर ४० पानांवर सोडून दिलेल्या जाड मराठी कादंबरीबद्दल ‘छान चाललीये’ म्हणाली. पुढच्या महिन्यात पुस्तकावर बोलायची तिची पाळी आहे. एमए मराठी झालेली नणंद म्हणते, ‘चाळिशीत कॉलेजच्या पोरांच्या लव्हस्टोऱ्या वाचून बुद्धीला गंज चढेल.’ त्यात लेक आता आईच्याच मोबाईलमधली पुस्तकं मागायला लागलीये. तिचे प्रश्न तीन: कट्ट्यावर काय नेऊ, माझी आवड बालिश आहे का, आणि मुलीला हे वाचू देऊ का.

तू लिहिलंयस की अगं-तुगं करा, म्हणून करते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एक वाक्य आहे, ‘मी डोकं बाजूला ठेवून वाचते, त्यामुळे ते काही खरं वाचन नाही.’ आणि त्याच्याच खाली चार ओळी सोडून तू लिहितेस की पुस्तक निम्म्याच्या थोडं पुढे गेलं की मला खुनी कळलेला असतो आणि दहातल्या सात वेळा माझा अंदाज बरोबर निघतो. आता मला सांग, डोकं बाजूला ठेवलं असतं तर हा अंदाज कोण बांधत होतं? ही दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत आणि तू तर रोज जुळवाजुळव करणारी बाई आहेस, दिवसाच्या शेवटी कॅश ११ रुपयांनी जरी कमी निघाली तरी घरी न जाणारी. तुला कोझी मिस्ट्री का आवडते याचं उत्तर मला तिथेच दिसलं. सगळे व्हाउचर टेबलावर आहेत, कुठेतरी एक एंट्री चुकलीये, ती सापडली की सगळं एकदम टॅली होतं. तोच आनंद आहे तो, फक्त पतसंस्थेत तो पगारासाठी आणि इथे हौसेने.

आणि हे मी ओढूनताणून म्हणत नाहीये. १९३० साली लंडनमध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी डिटेक्शन क्लब काढला होता, तिथे मेंबर होताना शपथ घ्यावी लागायची, की आमचा डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने गुन्हा सोडवणार नाही आणि वाचकापासून महत्त्वाचा पुरावा लपवणार नाही. म्हणजे वाचकाला सगळी कागदपत्रं दाखवायचीच, मग त्याने शोधायचं. तू ज्या पुस्तकांना ‘टाइमपास’ म्हणतेस त्यांची शिस्त ही अशी. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल ही म्हातारी पहिल्यांदा कादंबरीत आली तीसुद्धा १९३० मध्येच. तिच्याकडे ना पिस्तूल ना पोलिसांचा बिल्ला, ती विणकाम करत बसते आणि हा माणूस आपल्या गावातल्या अमक्या पोऱ्यासारखा वागतोय, तो पोऱ्या पण असाच खोटं बोलायचा, एवढ्यावर खुनी पकडते. आपल्याकडे पंचवटीतल्या कुठल्याही जुन्या वाड्यात अशी एक आजी असायचीच की, कोणाच्या घरी रात्री कोण आलं, कोणाच्या कुरडया गच्चीवर यंदा वाळत घातल्या नाहीत आणि का नाही घातल्या, हे सगळं तिला माहीत. कोझीमध्ये खून पडद्यामागे होतो, रक्ताचे पाट नाहीत, गाव छोटं, सगळे एकमेकांना ओळखतात आणि शोध लावणारी बाई बेकरीवाली नाहीतर लायब्ररीयन असते, तिचं हत्यार म्हणजे शेजारपाजाऱ्यांशी गप्पा. नाशिक कितीही वाढलं, अगदी पाथर्डी फाट्याच्या पुढे गेलं, तरी कॉलेज रोडला कोणाबरोबर कॉफी प्यायली ते संध्याकाळी घरी कळतं. या प्रकारात तू रमतेस यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आता नणंदेचं म्हणणं. मी ते उडवून लावणार नाही, कारण त्यांनी काळजीने म्हटलं असेल असंही मी धरून चालते. पण ‘हे हलकं, ते भारदस्त’ ही वाटणी आपल्या मराठीत फार जुनी आहे आणि ती नेहमी एका जागी टिकलेली नाही. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्या वाचून कितीतरी कमी शिकलेल्या माणसांना वाचायची सवय लागली. माझ्या लहानपणी नाशिकरोडला आमच्या एक मावशी त्या पुस्तकांना पोथीसारखं लाल कापडाचं कव्हर घालून वाचायच्या, देवघरासमोर बसून, सासऱ्यांना वाटायचं सून अध्याय वाचतीये. मला तेव्हा गंमत वाटायची, आता वाईट वाटतं. इतकं आवडीचं काहीतरी आणि ते आयुष्यभर कापडात गुंडाळून. प्रेमकथांचं बघ, ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांना गुलाबी म्हणून नावं ठेवणारे तेव्हाही होते, पण १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच झाले आणि १९६२ मध्ये पद्मभूषणही मिळालं. मी असं म्हणत नाहीये की अध्यक्षपद मिळालं म्हणून पुस्तक चांगलं. पण ‘असली पुस्तकं’ म्हणून जे आपण एका बोटाने बाजूला सारतो ते इतकं सरळ नसतं एवढंच.

आपल्या गावातलंच उदाहरण सांगते. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशकात भरलं, आठवत असेल तुला. अध्यक्ष होते जयंत नारळीकर, विज्ञानकथा लिहिणारे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर कोणी ओळखू नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. त्यांनी पण लपवलंच की, पण का लपवलं ते बघ. मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षक भुलू नयेत, गोष्ट स्वतःच्या जोरावर उभी राहते का ते कळावं, म्हणून. तू लपवतेस ते उलट कारणाने, तुला वाटतं गोष्ट बघून लोक तुझी किंमत कमी करतील. तुझ्या पत्रातली खरी अडचण मला हीच वाटली. तुझी आवड ठीकच आहे. त्या कट्ट्यावर तू गेली दोन वर्षं जी दुसरीच बाई बनून बसतेस ना, त्याने तू दमलीयेस. पुस्तकं वाचून कोणी दमत नाही गं, पण न वाचलेल्या पुस्तकांबद्दल बोलून माणूस दमतो.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: खरं पुस्तक ने. तू लिहिलंयस ते बेकरीवाल्या बाईचं, इंग्लंडमधल्या खेड्यातलं. पण ‘माफ करा हं, मी असलं हलकंफुलकं वाचते’ अशी सुरुवात करू नकोस. ते वाक्य म्हटलंस की समोरचा पुढची २० मिनिटं हलकंफुलकंच ऐकणार. सरळ सांग की मी गेल्या पाच वर्षांत या प्रकारची शंभरच्या वर पुस्तकं वाचलीत आणि त्यातलं हे मला सगळ्यात पक्कं बांधलेलं वाटतं, का वाटतं ते सांगते. हे एकदा बोललीस की त्या खोलीत या विषयातली सगळ्यात जाणकार तूच असतेस, प्राध्यापक सरांपेक्षाही, आणि मला खात्री आहे की सरांनाच सगळ्यात जास्त प्रश्न पडतील. पहिलं प्रकरण मराठीत करून वाच, तुझ्या शब्दांत, भाषांतर वाटलं नाही पाहिजे. मग तीन संशयितांची ओळख करून दे आणि जे पुरावे लेखिकेने निम्म्यापर्यंत दिलेत तेवढे मांड, आणि थांब. कट्ट्यावर प्रत्येकाला चिठ्ठीवर नाव लिहायला सांग, खुनी कोण आणि कशावरून. खुनी सांगायचा नाही, ज्याला पाहिजे त्याने पुस्तक घेऊन जायचं. या पुस्तकांच्या मागे बऱ्याचदा रेसिपी असते, तुझ्या पुस्तकात लेमन केकची आहे म्हणालीस, तोच करून ने, चहाबरोबर.

आणि त्या जाड कादंबरीचं काय, तेही सांगून टाक. ‘मागे मी म्हणाले होते छान चाललीये, खरं तर ४० पानांवर सोडली होती.’ बस, एवढंच, पुढे कारणं देत बसू नकोस. मला वाटतं तू हे म्हणशील तेव्हा त्या खोलीतली निदान दोन माणसं तरी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतील.

आईबद्दल तू एकच ओळ लिहिलीस पण मी तिथे बराच वेळ थांबले. रात्री अडीच वाजता, घर झोपलेलं, तू स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मोबाईलवर एका खेड्यातल्या खुनाचा शोध लावत बसलेली, कारण तिथे कोण गेलं आणि का गेलं याचं शेवटी उत्तर मिळतं. त्या वर्षी आपल्यापैकी कितीतरी जणांना असं उत्तर मिळालंच नाही, हॉस्पिटलच्या काचेबाहेरूनसुद्धा नीट बघायला मिळालं नाही. या प्रकारची रहस्यकथा भरात आली ती पहिल्या महायुद्धानंतरच्या २० वर्षांत, घराघरातून माणूस गेलेला असताना, त्यामुळे तू काही जगावेगळं करत नव्हतीस. फक्त एक विनंती आहे. हे कारण कट्ट्यावर सवलत मागायला वापरू नकोस. ‘आई गेली म्हणून वाचायला लागले’ हे सांगावंसं वाटलं तर जरूर सांग, पण ‘म्हणून मला माफ करा’ या सुरात नको, कारण आता पाच वर्षांनी तू दुःखाने वाचत नाहीयेस, तू आवडीने वाचतेयस, आणि आवडीला माफी लागत नाही.

तुझी आवड बालिश आहे का, हा दुसरा प्रश्न. वायए वाचणारी मोठी माणसं तू समजतेस त्यापेक्षा खूप जास्त आहेत, अमेरिकेत २०१२ मध्ये बोकर या कंपनीने पाहणी केली तेव्हा अशी पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक १८ वर्षांच्या वरचे निघाले, आणि त्यात सगळ्यात मोठा गट ३० ते ४४ वयाचा. बरं, आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही किती आईबाप मुलाच्या नावाने आणतात आणि आधी स्वतः वाचून काढतात, त्यांना कोणी बालिश म्हणत नाही. १६ वर्षांच्या मुलीचं पहिलं प्रेम, पहिली मोडलेली मैत्री, घर सोडून होस्टेलला जाणं, हे आपण त्या वयात जगलो तेव्हा आपल्याला शब्द नव्हते, वेळ पण नव्हता, बारावीचं वर्ष म्हणून सगळं गुंडाळून ठेवलं. आता ४१ व्या वर्षी कोणीतरी ते नीट लिहून समोर ठेवतंय तर वाचावंसं वाटणारच.

पण एक गोष्ट मी तुला विचारणार आहे आणि रागावू नकोस. ती जाड कादंबरी तू ४० पानांवर सोडलीस ती कंटाळवाणी होती म्हणून, की ‘ही मला झेपणार नाही’ असं आधीच ठरवून हातात घेतली होतीस म्हणून? कारण मला तुझ्या पत्रात एक घाबरणं दिसतं, की शेवट गोड नसेल तर नको. रोमान्सचा तर नियमच आहे की शेवटी दोघं एकत्र आलीच पाहिजेत, तो करार आहे लेखक-वाचकांमधला आणि चांगला करार आहे, दिवसभर थकून आल्यावर तेवढी हमी मिळणं मोठी गोष्ट असते. पण हमीशिवायचंही वर्षातून दोन-तीन वाचून बघ. नणंदेसाठी नाही, सरांसाठी तर नाहीच, तुझ्यासाठी. जी बाई शंभर पुस्तकांत लेखिकेने कुठे पुरावा पेरलाय हे ओळखते तिच्या हातात मोठी मराठी कादंबरी आली तर तिला त्यात असं काही दिसेल जे एमए केलेल्यांना दिसणार नाही. नाही आवडली तर सोडून दे, ४० काय, १० पानांवर सोड. सावानाची, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकची मेंबरशिप घे, शालिमारजवळच आहे, १८४० पासूनचं वाचनालय आहे ते, आणि लायब्ररीचा हा मोठा फायदा की सोडून दिलेल्या पुस्तकाचे पैसे बुडत नाहीत. आणि तू जाता जाता लिहिलंयस ना की काही पुस्तकं टेलिग्रामवरच्या पीडीएफ असतात, ते मात्र हळूहळू बंद कर. ज्या लेखिकांनी तुला त्या रात्री सोबत केली त्यांना त्यांचे पैसे मिळायला पाहिजेत, सेलमध्ये ईबुक बरीच स्वस्त मिळतात, थोडं थांबून घे.

राहिली लेक. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण हा प्रश्न मला खूप आयांकडून येतो. वायए वाचू दे, बिनधास्त, ती त्याच वयासाठी आहेत. रोमान्सचं मात्र वेगळं आहे आणि त्यात हल्ली एक फसवणूक होते, मोठ्यांच्या रोमान्सची कव्हरं कार्टूनसारखी असतात, गुलाबी-पिवळी, दोन चित्रातली माणसं, हसरी. बघणाऱ्याला वाटतं मुलांचंच पुस्तक. आत पानंच्या पानं बेडरूममधली असू शकतात. ‘न्यू ॲडल्ट’ असं लिहिलेलं असेल तर ते कॉलेज आणि त्यापुढच्या वयाचं धर, नववीतलं नाही. त्यामुळे कव्हरवरून ठरवू नकोस, तू तर वाचलेलीच असतात, तुझ्याइतकं सोपं कोणालाच नाही. मोबाईलमध्ये तिची वेगळी लायब्ररी कर आणि तू वाचलेल्यांपैकी निवडून त्यात टाकत जा. मोबाईल हिसकावणं, पासवर्ड बदलणं हे नको, त्याने ती पण लाल कापडाचं कव्हर शिवायला शिकेल.

आणि एखादं तिने लपूनछपून वाचलंच तर आकाश कोसळत नाही, मला त्याची एवढी भीती नाही. मला दुसऱ्याच गोष्टीची जास्त काळजी वाटते. काही रोमान्समध्ये हिरो सारखा संशय घेतो, तिचा फोन बघतो, तिच्या मित्राला मारतो, नको म्हटल्यावरही मागे मागे येतो आणि पुस्तक म्हणतं बघा किती प्रेम आहे. १४ वर्षांच्या मुलीला ते गोड वाटू शकतं. तिथे तू हवीस. लेक्चर नको, भाजी निवडताना विचार, ‘तो तिचा फोन बघतो तेव्हा तुला कसं वाटलं गं? मला तर राग आला.’ एवढं पुरतं. तुम्ही दोघी एकच पुस्तक वाचताय ही किती मोठी सोय आहे, बाकीच्या आयांना हा विषय काढायला निमित्तच सापडत नाही, तुझ्याकडे आयतं आहे. उद्या शाळेत तिच्या मैत्रिणीच्या बाबतीत असं काही झालं तर ती ते पुस्तकातल्या नावाने तुला सांगू शकेल, ‘आई, तो ना त्या अमक्या हिरोसारखा करतोय.’

रात्री अडीच वाजेपर्यंत जागणं मात्र कमी कर, सकाळी साडेनऊला काउंटर उघडायचा असतो, एक प्रकरण झालं की बंद.

नणंदबाईंना कट्ट्याला बोलव. खरंच बोलव. वाद घालायला नाही, त्यांनी पण चिठ्ठीवर नाव लिहायचं. आणि केक खाताना विचार त्यांना, ताई, एमएच्या आधी, अगदी शाळेत असताना, तुम्ही उशीखाली काय ठेवून वाचायचात. मला वाटतं त्या थोडा वेळ काही बोलणार नाहीत आणि मग एखादं नाव सांगतील.

दुसऱ्या रविवारी काय झालं ते मला नक्की कळव, किती चिठ्ठ्या बरोबर निघाल्या तेही लिही. फक्त खुनी कोण ते लिहू नकोस, तुझं पत्र वाचून मी ते पुस्तक मागवलंय आणि परवाच पोचलंय.